दोन खोल्यांचा नकाशा

१२ नोव्हेंबर २००६

शेताच्या रस्त्याकडच्या टोकाला आज चुना टाकून जागा आखली. बाकीचं शेत काळ्या मातीचं आहे. इथे हातभर खोलीवर मुरूम लागतो, म्हणून ही जागा. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. तिच्यात पुरलेला पाईप दोन वर्षंही टिकत नाही.

घराची लांबी पूर्व-पश्चिम. दोन खोल्या. दक्षिणेची ओसरी इतकीच खोल की डिसेंबरचं ऊन आत यावं आणि मे महिन्यातलं येऊ नये. पश्चिमेला खिडकी नाही. वीज नाही, मीटर नाही, तार नाही. बाहेर ४६ अंश असताना आत ३४ च्या वर जाता कामा नये. मुदत अक्षय्य तृतीया, २० एप्रिल.

मुदतीचं कारण लिहून ठेवते. गेल्या १४ मे रोजी दादा कूलरमध्ये पाणी टाकताना शॉक लागून गेला. जूनमध्ये मी घराची वीज तोडून घेतली. त्यानंतर आठ दिवसांत आई दुपारी चुलीपाशी बेशुद्ध पडली. सेलूच्या डॉक्टरांनी सांगितलं, टिनाच्या छपराखाली हिचा आणखी एक उन्हाळा निघायचा नाही. आणि आईला आता घरात वीज सोसायची नाही. म्हणून हे घर.

तापमानाची वही वेगळी केली आहे. बाकीचं इथे.

आईने आखणी पावलांनी मोजून पाहिली. "दोनच खोल्या?"

"दोघीच आहोत."

"अन् मोहिनी?"

मोहिनी म्हणजे दादाची बायको. तेरवीच्या दिवशी तिचे वडील सदाशिवराव येऊन तिला आष्टीला घेऊन गेले. मी आईला समजावलं की तिसऱ्या खोलीने उन्हात येणारी भिंत वाढते आणि सगळा हिशेब बिघडतो.

"तुले समजते बाप्पा ते," आई म्हणाली.

२६ नोव्हेंबर

वर्ध्याच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या भिंती पाडल्या जात आहेत. तिथल्या नऊ हजार विटा आणि छताच्या तुळयांसाठी सागाची अकरा नाटं मिळाली. वीट जुनी, चांगली भाजलेली, एकमेकींवर आपटली की खणखण वाजते. खिडक्या एका शाळेच्या, निळा रंग दिलेल्या. पाईप रस्त्याच्या कामातून काढून टाकलेले.

तानबा मिस्त्री सेलूचे. साठीचे असतील. सगळा ढीग बघून मला म्हणाले, "विटा जिनिंगच्या, खिडक्या शाळेच्या, पाईप सडकेचे. आचलबाई, घर बांधून राह्यल्या का भंगाराचं दुकान लावून राह्यल्या?"

आई हसली. मे महिन्यानंतर पहिल्यांदा.

विटांना चिकटलेला चुना ती बसून खरवडते. दिवसाला दोनशे होतात. मी नको म्हटलं तरी ऐकत नाही.

९ डिसेंबर

आज दीड फूट भिंत पाडावी लागली.

मी विटा आडव्या न ठेवता उभ्या लावून मध्ये तीन इंचांची पोकळी ठेवायला सांगितली आहे. पोकळीतली हवा उष्णता अडवते आणि विटाही चतुर्थांश कमी लागतात. दोन दिवस मी माझ्या नोकरीच्या संस्थेच्या कामाला वर्ध्याला होते. परत येऊन भिंतीवर हातोडी मारली तर आवाज भरीव. तानबांनी सगळी पोकळी विटांचे तुकडे आणि चिखलाचा गारा घालून भरून टाकली होती. स्वतःचा वेळ मोडून, जास्तीची मजुरी न मागता.

"तुम्हाला चित्र काढून दिलं होतं."

"देल्लं होतं नं. पण बाई, चाळीस वर्षं झाले करणी-थापी हाती धरून. वरून भिंत दिसते अन् आत काहीच नाई, असं काम मी कोणाले करून देल्लं नाई. बेइमानी होते ते."

मी पोकळीचं काम काय ते पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. चार थर उतरवले. तीन दिवस गेले.

१४ जानेवारी २००७

संक्रांत. आईने तिळगूळ आणि एक साडी आष्टीच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर मोहिनीकडे पाठवली. साडी निळी, नवी. कधी आणली ते मला माहीत नव्हतं.

"तू एक कागद टाक तिले," आई म्हणाली. "माह्या सांगण्यानं नाई येणार. तू म्हटलं तं येईन थे."

मी म्हटलं, छत पडू दे, मग बघू.

उत्तरेची भिंत खिडकीवरच्या लिंटलपर्यंत आली. पहाटे बाहेर ९, जुन्या घरात ११.

मोहिनीला माझ्या पत्राची काय गरज, ते मला कळत नाही. ती इथे असतानाही आम्हा दोघींमध्ये फार बोलणं नव्हतं. ती तीन वर्षं होती. मी सुट्टीला आले की माझ्या पिशवीतले कपडे ती मला न विचारता धुऊन टाकायची. मी एकदा तिला तसं करू नको म्हणाले होते.

२ फेब्रुवारी

पाईप पुरले. आठ फूट खोल, साठ फूट लांब. कडुलिंबाच्या सावलीतली हवा आत ओढायची, जमिनीखालून थंड करून खोलीत सोडायची. ओढण्यासाठी छतावर डांबराच्या रिकाम्या पिंपांची चिमणी, काळी रंगवलेली. ऊन जितकं कडक तितकी ती जास्त तापेल आणि खोलीतली गरम हवा वर खेचेल. यंत्र नाही, बटन नाही.

आई चरापाशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "सारं चांगलं हाये. पण एक पंखा तं लावजो, पोरी. मले पंख्याचं काय भेव?"

आईला भीती वाटते, पण ती कबूल करत नाही. मी तिला पुन्हा सांगितलं की या घरात तार येणार नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. नाई तं नाई."

११ मार्च

छत. नाटांवर फरशा, फरशांवर पालथी मडकी, मध्ये चुन्याची भर, वर कौलं, इकडचे कवेलू. कुंभाराकडची तडकलेली तीनशे मडकी फुकट मिळाली.

"वर मडके अन् खालतं माणसं," तानबा म्हणाले. "उलटंच झालं बाप्पा सारं." मग कवेलू हातात घेऊन थांबले. "एवढी सारी खटपट कूलरच्या एका बटनापायी. थ्या मोहिनीनं ते बंद केलं असतं तं पोरगा आज इथं आपल्यासंगं मडके देत असता."

आई खाली कवेलू निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तानबाभाऊ, त्या पोरीचं नाव नका घेऊ. तिनं नाई लावलं."

"पंचनाम्यात लिवलं हाये नं. तिनंच सांगलं पाटलाले."

"तिनं नाई लावलं," आई पुन्हा म्हणाली.

आईला हे कशावरून वाटतं, मी विचारलं नाही. दुपारी कवेलूंच्या तीन ओळी उलट्या उताराने लागल्या. चूक माझी होती. सगळ्या काढून पुन्हा लावल्या.

२० एप्रिल

राहायला आलो. दुपारी तीनला बाहेर ४३, आत ३१.५. पाईपच्या तोंडाशी २९.

तानबा खोलीच्या मध्यभागी उभे राहिले. हात वर करून हवा कुठून येते ते बघत होते. मग टोपी काढली आणि भिंतीला कान लावला. "मानलं बाई," म्हणाले. "पोकळ तं पोकळ."

आईने देव मांडले, दिवा लावला, सगळ्यांना पुरणपोळी वाढली. नंतर दिवसभर ओसरीत रस्त्याकडे तोंड करून बसली. तिथे ३८ होतं. दोनदा आत बोलावलं. "येतो," म्हणाली, आणि आली नाही.

२७ एप्रिल

सदाशिवराव आले. मोहिनीची पेटी न्यायची होती. खाली बसायला तयार नव्हते. आईने हाताला धरून बसवलं.

दहा मे रोजी मोहिनीचं दुसरं लग्न आहे. चंद्रभान नावाचा माणूस, हिंगणघाटकडचा. वय एकेचाळीस. बायको वारलेली, दोन मुलं. मोहिनी चोवीस वर्षांची आहे.

"काऊन इतक्या मोठ्याले देता व्याही?" आई म्हणाली.

"दुसरं कोण घेते? नवऱ्याले शॉक देऊन मारलं म्हणतात लोकं तिले. नळावर गेली की बाया बादल्या उचलून घेतात. मी बाप हाये, पण सांगतो तुमाले, मीबी वर्षभर तिच्याशी धड बोल्लो नाई. एक बटन बंद करता आलं नाई तिले? एक बटन?"

पेटी मी उचलून बसमध्ये ठेवून दिली. जड नव्हती. बसच्या दारातून त्यांनी घराकडे पाहिलं आणि म्हणाले, "गार हाये बाकी तुमचं घर."

आई जेवली नाही.

२८ एप्रिल

१४ मे २००६, रविवार. जे झालं ते क्रमाने लिहिते.

मी नागपूरहून सुट्टीला आले होते. बारा वाजता लोडशेडिंग सुरू झालं, तीनला वीज येणार होती. सकाळी कूलर मोहिनीने लावला होता. वीज गेल्यावर तिने बटन बंद केलं. ते मी पाहिलं. आत ४१ होतं. आई बाजेवर पडली होती, डोळे मिटलेले. दोन वाजून वीस मिनिटांनी मी उठून बटन पुन्हा चालू केलं, म्हणजे वीज आली की कूलरच्या आवाजानेच कळेल. आमच्याकडे सगळेच असं करतात. मग मी वाचत पडले आणि झोप लागली.

दादा शेतातून आला. टाकी कोरडी दिसली म्हणून बादली आणून ओतायला लागला. मोहिनी दुसरी बादली आणायला हापशीवर गेली होती. वीज दहा मिनिटं आधी आली. कूलर पत्र्याचा होता, अर्थिंग नव्हतं. अर्थिंग नाही हे मला दिवाळीतच दिसलं होतं. करून देते म्हणाले होते.

पोलीस पाटलाने विचारलं, बटन कोणी लावलं. मोहिनी म्हणाली, "सकाळी मीच लावलं होतं. माह्याच्यानं राहून गेलं असन." त्यांनी ते लिहून घेतलं. मी तिच्यापासून चार फुटांवर उभी होते. मला कोणी विचारलं नाही. मी बोलले नाही.

तेरवीपर्यंत तेरा दिवस होते.

२९ एप्रिल

सकाळी आईला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. हात थांबला नाही.

"माहीत हाये मले," म्हणाली.

"कसं?"

"जागीच होतो मी. तू उठली, बटन लावलं, जाऊन पडली. दिसलं मले."

"मग बोलली का नाहीस?"

तिने सूप खाली ठेवलं. "एक लेकरू समोर पडलं होतं. दुसरं कशाले देऊ? ते दुसऱ्याची होती." मग म्हणाली, "चुकलं माहं. तवाच कळत होतं, चुकून राह्यलं म्हणून. पण तोंड उघडलंच नाई."

मग तिने मला विचारलं की तिसरी खोली अजून काढता येते का. मी म्हटलं, येते. पूर्वेला काढली तर पाऊण अंशाचा फरक पडेल. हे मला नोव्हेंबरातही माहीत होतं.

३ मे

आष्टी. वर्ध्याहून बसने गेले, बारा वाजता पोचले. सदाशिवरावांचं किराणा दुकान आहे, मागे घर. ते बैठकीत कूलरसमोर बसले होते. मी पुढ्यात उभी राहून सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला. कूलरच्या घरघरीत ऐकू गेलं नव्हतं. मी मोठ्याने पुन्हा सांगितलं. तरी त्यांना नीट कळलं नाही. मग ते उठले, कूलर बंद केला, आणि म्हणाले, "हं, आता सांग."

तोवर दुकानातली दोन गिऱ्हाइकं दारात येऊन उभी राहिली होती. मी तिसऱ्यांदा सांगितलं.

"बटन वहिनीने बंद केलं होतं. नंतर मी लावलं. तिने काहीही केलेलं नाही."

वहिनी आतल्या दारात उभी होती. बारीक झाली आहे. सदाशिवराव तिच्याकडे वळले. "मंग तू काऊन आपल्यावर घेतलं?"

"मले वाटलं, मीच इसरली असन," ती म्हणाली. "बाबा, वर्षभर तेच आठवून राह्यली मी. उठून गेली, बोट लावलं, बंद केलं. का नाई केलं? रोज आठवते, अन् रोज वेगळं आठवते."

सदाशिवराव खाली बसले. गिऱ्हाइकं निघून गेली. संध्याकाळपर्यंत आष्टीत कळेल. ते बरंच आहे.

वहिनीने मला पाणी आणून दिलं. मी तिला सांगितलं की लग्न नको असेल तर मी थांबवण्यासाठी लागेल त्या माणसाशी बोलेन, आणि आमच्याकडे तिसरी खोली महिनाभरात होईल. तिने ऐकून घेतलं.

"आता नको ताई. त्याइचं लहानं पोरगं येऊन भेटून गेलं मले. आई म्हणाले लागलं. मी शब्द देल्ला. अन् त्या खोलीत बसून मी पाहू काय? तुमाले?"

मी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. मग तिने आईबद्दल विचारलं, "आत्याबाईले माहीत होतं?"

मी म्हटलं, "नाही."

नोंद म्हणून लिहिते. हे खोटं होतं.

"तरी म्हणतो मी," वहिनी म्हणाली. "त्याइले माहीत असतं तं त्या बोल्ल्या असत्या. लग्नाले नका येऊ ताई तुमी. मीच येऊन जाईन एखादे दिवशी. आत्याबाईसाठी."

परतीची बस साडेतीनला मिळाली. आईला सगळं सांगितलं, शेवटचा प्रश्न सोडून.

१७ मे

वहिनी येऊन गेली. चंद्रभान तिला रस्त्यावर उतरवून देऊन पुढे सेलूला कामाला गेले. अकरा ते चार होती. बाहेर ४६, आत ३३.

आईने सकाळपासून काय काय केलं होतं. वहिनीने दोन्ही खोल्या फिरून पाहिल्या, भिंतीला हात लावला, पाईपच्या तोंडाशी पाय धरून बसली. "अरे वा," म्हणाली, "हे तं पाय चाटून राह्यलं." आई हसली. जेवताना वहिनी चंद्रभानच्या धाकट्या मुलाबद्दल सांगत होती. तो भात खात नाही, पोळीचा फक्त पापुद्रा खातो. दादाचं नाव कोणी काढलं नाही.

निघायच्या वेळी ओटीचं आलं. घरात सवाष्ण नाही. आई विधवा, मी लग्न न झालेली. मी म्हटलं, तानबांच्या घरून कोणाला तरी बोलावते.

"कोणाले नको बलावू. मीच भरतो," आई म्हणाली.

वहिनीने पदर पसरला. आईने नारळ, खण, तांदूळ घातले. तांदूळ थोडे खाली सांडले. वहिनी वाकून पाया पडायला गेली तर आईने पाय मागे घेतले.

"काऊन वो आत्याबाई?"

"नको पडू माह्या पाया."

"असं कसं? तुमी मले कधी बोल लावला नाई. साऱ्या गावानं लावला, माह्या बापानं लावला, तुमी नाई. ताईनं सांगलं मले, तुमाले काहीच माहीत नव्हतं. माहीत असतं तं तुमी माह्यासाठी बोल्ल्या असत्या, मले ठाव हाये."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. सांडलेले तांदूळ गोळा करायला लागले. वहिनी पुन्हा वाकली. या वेळी आईने पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवायला मात्र तिला वेळ लागला.

बस चार वाजून बारा मिनिटांनी आली. वहिनी चढली, खिडकीशी जागा मिळाली. आई काहीतरी म्हणाली, पण तेवढ्यात गाडी सुटली. काय म्हणाली ते मलाही ऐकू आलं नाही.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. आई तिथेच उभी राहिली. डांबर मऊ झालं होतं.

मी म्हटलं, "आई, आत चल. इथे सेहेचाळीस आहे."

"तू जा," ती म्हणाली. "मी थांबतो जराशी इथं."

मी छत्री घेतली नव्हती. रस्त्याला त्या जागी झाड नाही. सूर्य पश्चिमेला, बराच खाली आला होता. मी तिच्या पश्चिमेला जाऊन उभी राहिले, म्हणजे माझी सावली तिच्यावर पडेल. दोन फुटांवरून ती तिच्या खांद्यापर्यंतच पुरत होती, डोकं उन्हातच राहत होतं. मी आणखी जवळ सरकले.